अभ्यास कोण घेणार?

पुणे-नाशिक रस्त्यावर चाकण सोडलं की ढाब्यांच्या आणि प्लॉटिंगच्या फलकांमधून इंग्रजी शाळांचे फलक डोकं वर काढतात. बहुतेकांच्या नावात ‘इंटरनॅशनल’ नाहीतर ‘ग्लोबल’ असतं, वर पत्र्याचं छत असलं तरी. माझ्या भाचीला जूनमध्ये पहिलीत घालायचं ते यांतल्या एखाद्या शाळेत की जिल्हा परिषदेच्या, यावरून आमच्या घरात बरेच दिवस धुसफूस चालली होती. धाकटा भाऊ, म्हणजे तिचा बाप, चाकणच्या एमआयडीसीत गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात क्वालिटीला आहे. ताई त्याच खेड तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेवर मुख्याध्यापक. “मुख्याध्यापक म्हणजे दोन शिक्षकांतली एक,” असं ती स्वतःच सांगते. मी मधली, त्यामुळे दोघांचं ऐकून घ्यायचं काम लहानपणापासून माझ्याकडे. भावजय गोव्याची, डिचोलीची. तिला अजून कुणी काही विचारलं नव्हतं.

रविवारी दुपारची जेवणं झाली आणि विषय निघाला.

“ताई, मी दहावीला शाळेत पहिला होतो,” धाकटा म्हणाला. “डिप्लोमाला गेलो आणि पहिलं सेमिस्टर तोंडच उघडलं नाही. गणित येत होतं, प्रश्न कळत नव्हता. ते जाऊ दे, जुनं झालं. आज काय होतं ते ऐक. लाइनवर रिजेक्शन आलं की कारण मी शोधतो. टूल झिजलंय की कूलंट कमी पडतंय, मला मशीनच्या आवाजावरून कळतं. पण कस्टमरला जो एट-डी रिपोर्ट जातो तो लिहितो दुसराच, आणि कॉलवर बोलतो तोही तोच. कस्टमरच्या लेखी प्रॉब्लेम त्यानं सोडवला. आता तो माझा साहेब आहे. माझ्या पोरीनं हे का सोसायचं?”

“सोसू नये. तिला इंग्रजी चांगलं आलंच पाहिजे, त्यावर भांडण नाहीच. पण इंग्रजी शिकणं वेगळं आणि सगळंच इंग्रजीतून शिकणं वेगळं.”

“हे वाक्य प्रत्येक परिसंवादात असतं.”

“असू दे. म्हणून ते खोटं ठरत नाही.” ताईनं बडीशेपेची डबी बाजूला सारली. “कोरोनानंतर फी भरायला जमेना म्हणून माझ्याकडे इंग्रजी शाळेतून काही मुलं आली. एक तिसरीतला होता. अक्षर असं की बघत राहावं, जोडून काढलेलं, पानभर निबंध, ‘माय व्हिलेज’. मी विचारलं, काय लिहिलंयस रे यात? म्हणाला, ‘माय व्हिलेज.’ बरं, पण त्यात काय आहे? गप्प. मग म्हटलं, तुझ्या गावात काय काय आहे ते तोंडी सांग. तर ओढ्यातले खेकडे कसे धरायचे, त्यांची बिळं कशी ओळखायची, इथून जो सुटला तो थांबेचना. वहीत यातलं एक अक्षर नव्हतं. वहीत होतं ते फळ्यावरचं.”

“आणि तुझ्या शाळेतली पोरं मनानं लिहितात? ‘असर’चा अहवाल मला तूच दाखवला होतास. ग्रामीण भागात पाचवीतल्या जेमतेम निम्म्या पोरांना दुसरीचा धडा वाचता येतो. ती काय सगळी इंग्लिश मीडियमची आहेत? बहुतेक आपापल्या राज्याच्या भाषेतूनच शिकतायत ना?”

ताई लगेच काही बोलली नाही. मराठी माध्यमाच्या बाजूनं व्याख्यानं देणारे इथे नेहमी बगल देतात, असं मला वाटतं. मुलाच्या भाषेत शिकवलं की शिकणं शक्य होतं, इतकंच. ते आपोआप होत नाही. ‘प्रथम’ ही संस्था खेडोपाडी फिरून ‘असर’ची पाहणी करते, मुलांना त्यांच्याच भाषेतला मजकूर वाचायला देते आणि तरी हे निघतं.

“नाही येत वाचता, मान्य,” ताई म्हणाली. “दोन बायका, चार वर्ग, त्यात मतदारयाद्या, त्यात रोजची ऑनलाइन माहिती. पण अशा मुलाला मी दोन-तीन महिन्यांत मार्गाला लावू शकते. कारण शब्द त्याच्याजवळ असतात, फक्त अक्षरं जुळवायची राहिलेली असतात. ‘विहीर’ वाचली की त्याला विहीर दिसते. तुझ्या त्या शाळेत अक्षर नवं, उच्चार नवा, अर्थही नवा. तिन्ही एकदम. आणि शिकवणार कोण? माझ्या वर्गात होती ती मुलगी तिथे शिकवायला आहे. बारावी झालीय. तिचं इंग्रजी किती आहे ते मला चांगलं माहीत आहे.”

“असणारच. तूच शिकवलंयस.”

यावर ताईसुद्धा हसली. पण धाकट्यानं विषय सोडला नाही. रामकृष्ण मोरे शिक्षणमंत्री असताना, २००० साली, महाराष्ट्रात पहिलीपासून इंग्रजी विषय आला. त्याआधी आमच्यासारख्यांची एबीसीडी पाचवीत सुरू व्हायची. म्हणजे आज तिशीच्या आत असलेली, मराठी शाळेतून बाहेर पडलेली एक अख्खी पिढी पहिलीपासून इंग्रजी शिकलेली आहे.

“मग येतं का त्यांना?” तो म्हणाला. “देशातली पाचवीतली चारातलं एकच पोरगं इंग्रजीतलं सोपं वाक्य वाचतं, हेसुद्धा २०२२च्या ‘असर’मध्येच आहे. मग कुठल्या तोंडानं सांगता, आमच्याकडे घाला, आम्ही इंग्रजीपण शिकवतो?”

“मी स्वतः एबीसीडी पाचवीत गिरवली. डी.एड. मराठीतून. आदेश आला तेव्हा प्रशिक्षणं झाली, नाही असं नाही. पण बोलायची सवय प्रशिक्षणात लागत नाही. वर्गात मी ‘स्टँड अप, सिट डाउन’च्या पुढे फारशी जात नाही. हे मी तुला सांगते, केंद्रप्रमुखांना नाही.”

“मग झालं तर.”

“काय झालं? इंग्रजी नीट न येणाऱ्या बाईनं इंग्रजीचा एक तास घेतला तर दिवसाचा एक तास वाया जाईल. तिनंच सगळे विषय इंग्रजीतून शिकवले तर?”

धाकट्याकडे याला उत्तर नव्हतं, म्हणून त्यानं दुसरीकडून सुरुवात केली. ती सुरुवात फार नेमकी होती.

“तुझ्या पहिलीत बिहारची, यूपीची पोरं किती?”

“या वर्षी निम्मी.”

“त्यांची मातृभाषा मराठी आहे का? नाही. तरी ती मराठीतून शिकतात. दिवाळीपर्यंत फाडफाड बोलायला लागतात, असं तूच कौतुकानं सांगतेस. परकी भाषा असून त्यांना जमतं, मग माझ्या पोरीला इंग्रजीतून का नाही जमणार?”

या वादावर मी बरंच वाचलंय, ऐकलंय. हा प्रश्न इतक्या उघडपणे कुणी मांडलेला आठवत नाही. चाकण, भोसरी, रांजणगावच्या आसपासच्या मराठी शाळांत आज जे चाललंय ते पुस्तकातल्या ‘मातृभाषेतून शिक्षण’ या कल्पनेत बसत नाही. घरी भोजपुरी, गल्लीत हिंदी, शाळेत मराठी. आणि वाडीवस्तीवर गेलं तर ठाकर मुलांचीही घरची बोली पुस्तकातली नाही. कोसबाडच्या टेकडीवर ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी वारली मुलांसाठी काम सुरू केलं तेव्हा त्यांनाही हीच अडचण आली होती. गुरांमागे जाणाऱ्या मुलांसाठी त्यांनी शाळाच कुरणात नेली. मुलाकडे जे आहे तिथून सुरू करायचं, हा त्यातला गाभा. मराठी माध्यम म्हणजे आपोआप मुलाची भाषा, असं ज्यांना वाटतं त्यांनी एकदा ताईचा वर्ग बघावा.

ताईचं उत्तर मात्र तयार होतं. रोजच्या कामातून आलेलं.

“ती पोरं माझ्यामुळे मराठी शिकत नाहीत रे. मधल्या सुट्टीत खेळताना शिकतात. खिचडीच्या रांगेत भांडताना शिकतात. किराणा दुकानात, रिक्षात, गणपतीच्या मांडवात. दिवसभर मराठी त्यांच्या कानावर आदळत असते आणि तिच्यावाचून त्यांचं अडतं. तुझ्या पोरीला इंग्रजीतून भांडायला कोण मिळणार आहे? वर्गात मराठी बोललं की दंड लावतात अशा शाळा आहेत, पण मैदानावर तीच मुलं ‘ए आउट नाय रे’ म्हणूनच ओरडतात. बाई व्हरांड्यात एकमेकींशी मराठीत बोलतात. बसचे काका मराठीत ओरडतात. घरी तुम्ही दोघं. इंग्रजी फक्त पुस्तकात आणि फळ्यावर. कोथरूड-बाणेरला ज्यांच्या घरीदारी इंग्रजी आहे त्यांच्या मुलांना नाही जड जात, मी कुठे नाही म्हणते?”

“म्हणजे ज्यांना आधीच येतं त्यांनाच मिळणार.”

“थांब, पुढचं ऐक. ती बिहारची पोरं दिवाळीला बोलायला लागतात हे खरं. पण शाब्दिक उदाहरण वाचून सोडवायला त्यांना तिसरी उजाडते. आकडे बघतात आणि विचारतात, ‘मॅडम, बेरीज की वजाबाकी?’ वाचतच नाहीत. तिथे मी सरळ हिंदीत सांगते. कुठल्या नियमात बसतं मला माहीत नाही, पण मग कळतं त्यांना.”

“आपली मराठी पोरंपण तेच विचारतात. मीपण विचारायचो.”

“विचारतात ना. फक्त त्यांना मी गोष्ट करून सांगितलं की पहिल्या झटक्यात कळतं.”

गणिताचा विषय निघाला म्हणून एक सांगते. त्यात इंग्रजीची बाजू खरोखरच उजवी आहे. मराठी संख्या बोलताना एकक आधी येतो आणि लिहिताना दशक आधी. सत्तावीस म्हटलं की कानावर सात पहिला पडतो, आणि पहिली-दुसरीतली कितीतरी मुलं ७२ लिहून मोकळी होतात. २०१९ साली ‘बालभारती’च्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात सत्तावीसच्या जोडीला ‘वीस सात’ असं वाचायची पद्धत दिली, तर केवढा गहजब झाला. विधानसभेतसुद्धा थट्टा झाली. मंगला नारळीकर गणिताच्या समितीच्या अध्यक्ष होत्या. त्या शांतपणे समजावून सांगत होत्या की हे मुलांच्या सोयीसाठी आहे, जुने शब्द कुणी काढून घेतलेले नाहीत. ऐकायला कुणाला वेळ नव्हता. मराठीचा अभिमान आणि मराठीतून शिकणाऱ्या मुलाची सोय या दोन गोष्टी एकमेकींच्या आड आल्या की आपण अभिमानाकडे जातो.

“त्या वर्षी सगळे हसले,” ताई म्हणाली. “मी नाही हसले. मी आधीपासून वर्गात तसंच म्हणून घेत होते.”

“बघ! आणि ट्वेंटी सेव्हन कसं सरळ आहे!”

“आहे सरळ. तेवढं घे तुझ्या बाजूला.”

धाकट्यानं तेवढ्यावर समाधान मानलं नाही. “आणि एक विचारतो, रागावू नको. तालुक्यातल्या किती गुरुजींची मुलं जिल्हा परिषदेच्या शाळेत आहेत?”

“कमी आहेत.”

“आमदारांची? सरपंचांची? मराठीवर अग्रलेख लिहिणाऱ्यांची? मग भाषा वाचवायचा ठेका आमच्याच पोरांनी घ्यायचा का? आणि तुझा मुलगा?”

“मराठी शाळेतच होता.”

“सेमी.”

“हो, सेमी. गणित-विज्ञान इंग्रजीतून, पाचवीपासून.”

“म्हणजे मी पहिलीला करतोय ते तू पाचवीला केलंस. आपलं भांडण चार वर्षांचं आहे.”

“चार वर्षांचंच आहे,” ताई म्हणाली. “पण पहिल्या चार.”

तसं पाहिलं तर हे भांडण पावणेदोनशे वर्षांचं आहे. १८४०च्या दशकात मुंबईच्या शिक्षण मंडळात हेच चाललं होतं. अध्यक्ष सर अर्स्किन पेरी यांचा सगळा भर इंग्रजीवर, आणि त्याच मंडळावरचे नाना शंकरशेट म्हणत होते की सामान्य लोकांपर्यंत ज्ञान न्यायचं तर ते त्यांच्या भाषेतूनच जाईल. नानांना स्वतःला उत्तम इंग्रजी येत होतं, हे लक्षात ठेवण्यासारखं आहे. मराठीचा आग्रह धरणाऱ्याच्या खिशात बहुतेक वेळा इंग्रजी आधीच असतं. नंतर थोड्याच वर्षांनी, १८५४ साली, सावित्रीबाई फुल्यांचा ‘काव्यफुले’ हा संग्रह आला आणि त्यात शूद्रातिशूद्रांनी इंग्रजी शिकावं असं कळकळीनं सांगितलेलं आहे. धाकट्याच्या कारखान्यातला त्याचा जिवलग मित्र त्याला तेच सांगतो: ज्यांच्या आज्यापणज्यांना पोथीची मराठीही शिकू दिली नाही त्यांना तुम्ही आता मराठीचं प्रेम शिकवू नका. हे ऐकून ताईही गप्प बसते. मीही बसते. नानांचं म्हणणं मला शिकवण्याच्या अंगानं पटतं. पण ज्याला बाहेर ठेवलं गेलं तो दाराची किल्ली मागत असताना त्याला पाठ्यक्रमाचे टप्पे समजावणं सोपं नाही.

कायद्याची या बाबतीत काही मदत होत नाही. राज्यघटनेचं कलम ३५० अ भाषिक अल्पसंख्याक मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून देण्याची सोय करा म्हणतं. २००९चा शिक्षण हक्क कायदा म्हणतो, शक्य असेल तितपत मातृभाषेतून. २०२०चं राष्ट्रीय धोरण म्हणतं, शक्य असेल तिथे किमान पाचवीपर्यंत. आणि कर्नाटक सरकारनं सक्ती करून पाहिली तेव्हा ६ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठानं सांगितलं की प्राथमिक शिक्षणाचं माध्यम सरकार लादू शकत नाही, ते पालकांनी ठरवावं. निकाल बरोबरच आहे. पण ‘शक्य असेल तिथे’ असं म्हणत म्हणत सगळे बाजूला होतात आणि प्रश्न फिरत फिरत आईबापांच्या पदरात येऊन पडतो. त्यातही पदर आईचाच असतो.

“ताई, मी बोलू का?” भावजय म्हणाली. ती इतका वेळ ओट्याशी होती. “तुम्ही दोघं जे मराठी की इंग्रजी म्हणताय ना, मी दोन्ही केलंय.”

गोव्यात सरकारी प्राथमिक शाळा मराठी किंवा कोकणी; चौथी झाली की पाचवीपासून बहुतेक सगळीकडे एकदम इंग्रजी. ती तशीच शिकली.

“पाचवीत पहिले दोन-तीन महिने मी रोज रडत घरी यायचे. मग सायन्सला झाडाचा धडा आला. बाई काय सांगतात काही कळेना. पुस्तकातलं चित्र बघितलं तर मूळ, खोड, पान, फूल. म्हटलं, अरे, हे तर मला येतं! मुळं पाणी कशी ओढतात तेसुद्धा येतं, आम्ही चौथीत तेरड्याचं रोप लाल पाण्यात ठेवून बघितलं होतं. फक्त नावं नवी होती. नावं पाठ केली आणि झालं.”

“हेच मी म्हणते,” ताई म्हणाली.

“पण ताई, आमच्या वर्गातली पाच-सहा मुलं त्या पाचवीतच अडकली. नापास झाली, सुटली. ती हुशार नव्हती असं नाही. त्यांच्या घरी नावं पाठ करून घ्यायला कुणी नव्हतं. माझे बाबा पोस्टात होते, म्हणून मी निघाले. चौथीपर्यंत इंग्रजीची नीट तयारी करून घेतली असती तर तीही निघाली असती. उडी मारायला लावायची तर आधी पळायला तरी शिकवा.”

गोव्यात या प्रश्नावर रान पेटलेलं तिनं पाहिलंय. १९९०पासून तिथे प्राथमिक शाळांना सरकारी अनुदान मिळायचं ते मराठी-कोकणी माध्यम असेल तरच. २०११ साली दिगंबर कामत सरकारनं इंग्रजी शाळांनाही अनुदान द्यायचं ठरवलं. शशिकला काकोडकर, सुभाष वेलिंगकर आणि बरीच मंडळी भारतीय भाषा सुरक्षा मंच काढून रस्त्यावर उतरली. पुढे मनोहर पर्रीकरांच्या सरकारनंही चर्चच्या इंग्रजी शाळांचं अनुदान चालू ठेवलं, तेव्हा वाद इतका चिघळला की २०१६ साली वेलिंगकरांना संघाच्या गोव्यातल्या पदावरून दूर व्हावं लागलं.

“माझा मोठा भाऊ मोर्चाला जायचा,” भावजय म्हणाली. “झेंडा घेऊन. आणि त्याच जूनमध्ये त्यानं मुलाला इंग्रजी शाळेत घातलं. विचारलं तर म्हणाला, मोर्चा भाषेसाठी, शाळा मुलासाठी.”

धाकट्यानं मांडीवर थाप मारली. “बरोबर बोलला!”

“बरोबर की नाही ते नंतर बघू. तुम्ही मला एवढं सांगा, अभ्यास कोण घेणार?” आता ती त्याच्याकडे वळली. “तुमची एक आठवडा फर्स्ट, एक आठवडा सेकंड, एक आठवडा नाइट. शेजारची मुलगी त्याच शाळेत दुसरीला आहे. डायरीत इंग्रजीत सूचना येतात. रात्री दहाला व्हॉट्सॲप ग्रुपवर आया एकमेकींना विचारत असतात, उद्या नक्की काय आणायचंय. दुसरीतल्या पोरीला ट्यूशन लावलीय. फी वेगळी, बस वेगळी, ट्यूशन वेगळी. म्हणजे शाळेनं शिकवायचं ते पैसे देऊन पुन्हा बाहेर शिकायचं. मला जमेल, मी इंग्रजीतून शिकलेय. पण मी पाचवीपासून सायन्स शिकले ते मला येतं. पहिलीतल्या मुलीला ‘ढग कसे होतात’ हे मी इंग्रजीत सांगत बसू? आणि आई तिला रोज रात्री गोष्टी सांगतात, हिशेब घालतात, पाच अंडी आणली तीन फुटली. ते सगळं मग अभ्यासाच्या बाहेरचं होणार.”

ताईच्या चेहऱ्यावर समाधान दिसायला लागलं होतं, तेवढ्यात मोर्चा तिच्याकडे वळला.

“आणि ताई, तुमच्या शाळेचा पट किती?”

“सदतीस.”

“गेल्या वर्षी?”

“बावन्न. कंपन्यांनी कंत्राटी माणसं कमी केली की पट पडतो. माणसं गावी जातात.”

“वीसच्या खाली गेला तर?”

ताईनं डबीचं झाकण उघडलं आणि लावलं. पटावर शिक्षक ठरतात, शिक्षकांवर शाळा. पट पडला की एक बाई दुसरीकडे समायोजनात जाते, मग उरलेले पालकही मुलं काढतात आणि पट आणखी पडतो. महाराष्ट्रातल्या कितीतरी मराठी शाळा अशाच संपत आल्या आहेत. त्या कुणी एका दिवशी बंद केल्या नाहीत.

“तेव्हाचं तेव्हा बघू,” ताई म्हणाली. “आपल्याच तालुक्यातली जालिंदरनगरची जिल्हा परिषद शाळा बघ. २०२५ला जगातल्या शाळांच्या स्पर्धेत लोकपसंतीचा पुरस्कार मिळाला तिला. शिरूरकडच्या वाबळेवाडीला प्रवेशासाठी रांगा लागायच्या. मराठी शाळाच आहेत ना त्या?”

“एक जालिंदरनगर, एक वाबळेवाडी,” धाकटा म्हणाला. “आणि एक शास्त्रज्ञ माशेलकर, म्युनिसिपालटीच्या शाळेत शिकलेले. त्यांच्या वर्गातल्या बाकीच्यांचं काय झालं, ते कुणी सांगत नाही. माझी पोरगी त्या नावाजलेल्या शाळेत जाणार नाहीये, तुझ्यासारखीत जाणार आहे.”

“माझ्यासारखीत म्हणजे?”

“म्हणजे जिथे बाई चांगल्या आहेत, पण पुरत नाहीत.”

मग तिघांनी माझ्याकडे बघितलं. माझं मत असं: या मुलीनं, या घरातून, या गावात चौथीपर्यंत मराठी शाळेत जावं. तिच्या भोवती इंग्रजी नाही, आणि जी इंग्रजी शाळा तिला परवडते तिच्यातही इंग्रजी नाही. पण हे मत मी रस्त्यावर उभी राहून सगळ्यांना सांगणार नाही. धाकट्याच्या मित्रालाही नाही. पहिलीपासून रोज एक तास, ज्याला खरोखर बोलता येतं अशा माणसाकडून इंग्रजी, ही साधी गोष्ट पंचवीस वर्षांत मराठी शाळांना देता आलेली नाही. ती दिली असती तर निम्मे फलक त्या रस्त्यावर लागलेच नसते. फलटणला मॅक्सीन बर्नसन या मूळच्या अमेरिकन बाईंनी कमला निंबकर बालभवन उभं केलं ते मराठी माध्यमाचं. इंग्रजी जिची मातृभाषा, तिला मुलांनी मराठीतून शिकावं असं वाटलं आणि ज्यांची मातृभाषा मराठी त्यांना वाटत नाही, यात मराठी माणसाचा न्यूनगंड बघणारे बघोत. मला त्यात एवढंच दिसतं की त्या शाळेतल्या मुलांना भाषा निवडायची नव्हती. त्यांना मुळात चांगली शाळा मिळाली होती. चांगली मराठी शाळा आणि चांगली इंग्रजी शाळा असा पर्याय आमच्या भाचीपुढे नाहीच. तिच्यापुढे आहे ती अपुरी मराठी शाळा आणि दिखाऊ इंग्रजी शाळा. अपुरेपण दिसतं तरी.

“तुम्ही म्हणता ते बरोबर असेल,” भावजय मला म्हणाली. “पण मी आधी बघणार. दोन्हीकडे पहिलीच्या वर्गात मागे तासभर बसणार. किती मुलं आपणहून काही विचारतात ते मोजणार. बास.”

धाकट्यानं तिथल्या तिथे इंग्रजी शाळेच्या ऑफिसला मेसेज टाकला. उत्तर लगेच आलं. पालकांना वर्गात बसता येत नाही. शनिवारी कॅम्पस बघता येईल, येताना प्रवेशाचा फॉर्म घ्यावा, फॉर्मचे पाचशे.

“बघा,” ताई म्हणाली. “माझ्याकडे कधीही ये. दार उघडंच असतं.”

“मग उद्याच येते. सोमवार आहे.”

“उद्या नको. उद्या मला केंद्रावर मीटिंग आहे.”

“मग दुसऱ्या बाई?”

“त्यांना तहसीलला बोलावलंय. मतदारयादीचं काम.”

“मग वर्गावर कोण असतं?”

“अंगणवाडीच्या ताई येऊन बसतात,” ताई म्हणाली. “आणि चौथीची मुलं पहिलीला वाचून दाखवतात.”

धाकटा हसायला लागला. भावजय हसली नाही.

“मग उद्याच येते,” ती म्हणाली.